तोरिनोचा उंदीर आणि आमचं डुक्कर

व्हेनिसचे तीन दिवस गर्दीत धक्के खाण्यात गेले, त्यावर लिहायची इच्छाच नाही. मिलानला पाऊस. मग तोरिनो, तेही निव्वळ माझ्या हट्टापायी, कारण ते फियाटचं गाव. बायको म्हणाली, "सुट्टीतपण गाड्याच बघायच्यात का?" हो, बघायच्यात.

रविवारी सकाळी कॉफी प्यायला बाहेर पडलो तर एका चौकात जुन्या गाड्या लागलेल्या आणि त्यात शेजारी-शेजारी दोन फियाट 500. एक 1936 ला आलेलं मॉडेल, जिला तिकडे तोपोलिनो म्हणतात, म्हणजे छोटा उंदीर (मिकी माऊसलाही तेच नाव), आणि दुसरी आपल्याला फोटोतून माहीत असलेली ती गुटगुटीत, जी 1957 ला आली. दोन्ही दान्ते जाकोसा नावाच्या एकाच इंजिनिअरने केलेल्या, आणि गंमत बघा, मध्ये 21 वर्षं गेली तरी नवीन मॉडेल बाजारात आलं तेव्हा ताकद तेवढीच, 13 हॉर्सपॉवर!

खरं तर मी गुटगुटीवर लट्टू होतो. दोन्ही गाड्या एकाच आजोबांच्या, त्यांनी खुणेनेच बस म्हटलं. या गाडीत नुसती किल्ली फिरवून भागत नाही, दोन सीटच्या मध्ये खटका असतो तो ओढायचा, मग मागे ते दोन सिलेंडरचं इंजिन जागं होतं. छप्पर उघडं, चौकाला एक चक्कर, आणि मला सारखं वाटत होतं की आपण अंधेरी स्टेशनला चाललोय. अगदी रिक्षा हो! सॉरी, पण नाही आवडली. दिसायला गोड, पण कशी काटकसर करून बनवलीय ते आत बसलं की कळतं.

उंदीर मात्र वेगळाच. एवढंसं धूड, पण इंजिन पुढे, चार सिलेंडर, पाण्याने थंड होणारं, मोठ्या गाडीत असतं तसं सगळं, फक्त 569 सीसीत बसवलेलं. रेडिएटर इंजिनच्या मागे चढवलाय म्हणून नाक असं उतरत जातं. दारं उलटी उघडतात. त्या दारापाशीच मी अडकलो, कारण माझ्या आजोबांच्या फियाटची पुढची दारं अशीच उघडायची आणि पडू नये म्हणून आजी माझी कॉलर धरून बसायची.

ते सांगायला गेलो तर भाषेची बोंब. "मुंबई, कुर्ला, फियाट इलेव्हन हंड्रेड." कोरा चेहरा. मग बोटाने धुळीत 1100 लिहिलं आणि ते ओरडलेच, "मिल्लेचेंतो!" मग मला काय चेव आला, आम्ही तिला डुक्कर फियाट म्हणायचो हे पण सांगावं म्हणून मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये 'डुक्कर' टाकलं. तो भर चौकात खणखणीत बोलला, "पोर्को." इटलीत ही शिवी आहे हे मला काय माहीत! आजोबांनी माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि उंदराच्या बॉनेटवर हात टेकून जे हसत सुटले की त्यांना खोकलाच लागला.