गोव्यात पोकर खेळायचे पैसे मी कसे सांभाळायला लागलो (माझा अनुभव)

मी कोल्हापूरचा, घरून निघून आंबोलीतून उतरलं की एकूण चार-पाच तासांत पणजी. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत, 1976 चा कायदा होता तो कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला, त्यामुळे पोकर (पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ) खेळायचं तर पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवरच जावं लागतं.

पहिल्या खेपेला 20,000 कॅश घेऊन गेलो, 50-100 च्या टेबलवर (म्हणजे प्रत्येक डावात दोघांना आधीच 50 आणि 100 लावावे लागतात) 10,000 चा बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायच्या चिप्स, रात्री एकपर्यंत दोन्ही बाय-इन गेले. यूपीआयची दिवसाची लिमिट हॉटेल आणि बाकीच्या खर्चात संपलेली, मग कॅसिनोच्या ने-आण करणाऱ्या फीडर बोटीनं परत जेट्टीवर आलो, एटीएम शोधलं आणि क्रेडिट कार्डावर 15,000 काढले. तेही पहाटेपर्यंत संपले. महिन्याचं बिल आल्यावर कळलं की कार्डावर कॅश काढली की फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं, खरेदीला मिळतात तसे बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ते फेडताना घरात जे बोलणं झालं ते अजून आठवतं.

त्यानंतर वेगळं सेव्हिंग खातं काढलं, पगारातून महिन्याला 5,000 तिकडे टाकतो आणि 40,000 झाले की मगच ट्रिप. 10,000 पेट्रोल, राहणं, एंट्रीला, आणि उरलेल्या 30,000 ची 10,000 ची तीन पाकिटं. कार्डं मामेभावाकडे देतो, तो खेळत नाही, हॉटेलवरच थांबतो, आणि त्याला सांगून ठेवलंय की दादा मी रात्री फोन केला तरी द्यायची नाहीत.

काउंटरवर चिप्स घेताना जीएसटी नीट विचारून घ्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के होता आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झालाय. म्हणजे 10,000 दिले तर टेबलवर बसायला नक्की किती हातात येणार हे पैसे द्यायच्या आधी कळलं पाहिजे, नाहीतर सगळा हिशोबच चुकतो.

मला सगळ्यात जड गेलं ते टेबलवरचं. कॅश गेममध्ये (चिप्स म्हणजे थेट पैसे, कधीही उठता येतं) जिंकलेल्या चिप्स मधेच खिशात टाकता येत नाहीत, सगळा स्टॅक, म्हणजे आपल्या चिप्सचा ढीग, समोरच ठेवावा लागतो, आणि टॉप-अप (अजून चिप्स घेणं) पण चालू डाव संपल्यावरच. 10,000 चे 24,000 झाले की छातीत धडधडतं, पण ते वाचवायचे तर उठणं हा एकच मार्ग, आणि चांगल्या टेबलवरून उठायला मला खरंच खूप त्रास होतो. आता 25,000 ला उठायचं ठरवलंय, अजून प्रत्येक वेळी जमत नाही.

टुर्नामेंटमध्ये 10,000 च्या वर बक्षीस लागलं तर 30 टक्के टीडीएस कापून पैसे मिळतात, पॅन लागतो, आणि आधी हरलेले त्यातून वजा होत नाहीत. मित्राला हे माहीत नव्हतं, त्यानं बक्षिसाचे पैसे आधीच वाटून टाकले होते.

मागच्या ट्रिपला दोन पाकिटं फोडली, पहाटे चारला 14,200 च्या चिप्स उरल्या, बोटीवरच कॅश करून घेतल्या कारण दुसऱ्या बोटीवर त्या चालत नाहीत. वहीत 5,800 वजा लिहिले. तिसरं पाकीट घरी आल्यावर बायकोकडे दिलं, तिनं सोमवारी बँकेत भरलं.