भुसावळच्या पेटी-रेडिओचे साल

भुसावळला रेल्वेच्या जुन्या बंगल्यांतील सामान अधूनमधून भंगारात येते आणि त्यातूनच एका परिचितांना हा रेडिओ मिळाला. आकार लहान प्रवासी पेटीएवढा असून अंगावर तपकिरी रेक्झीन आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला तारेचे वेढे आहेत आणि तोच याचा एरियल. विजेची वायर मुळातच नाही, कारण हा संच निव्वळ कोरड्या बॅटऱ्यांवर चालणारा. नावाची पट्टी निखळून गेली आहे, पण साल ठरवताना मी पट्टीवर फारसा विसंबतही नाही. एकच नाव कंपन्या अनेक वर्षे वापरत असत.

खरी साक्ष देते ती डायल. या डायलवर मध्यम आणि दीर्घ अशा दोनच लहरी आहेत. आपल्याकडे दीर्घ लहरींवर प्रसारण नव्हते आणि हिंदुस्थानासाठी पाठवायच्या संचांत लघुलहरी हमखास असत. तेव्हा हा रेडिओ ब्रिटनमधील गिऱ्हाइकासाठी बनला आणि नंतर कोणाच्या तरी सामानातून इकडे आला, असे मानणे रास्त आहे. दीर्घ लहरींवर १५०० मीटरपाशी ‘लाइट’ लिहिले आहे. बीबीसीचा लाइट प्रोग्रॅम २९ जुलै १९४५ रोजी सुरू झाला, म्हणजे युद्धापूर्वीचा काळ आपोआपच बाद होतो. त्याहून मोलाची खूण मध्यम लहरींवर आहे: तेथे ‘लाइट’ २४७ मीटरवर आणि ‘थर्ड’ (बीबीसीचीच आणखी एक प्रसारणसेवा) ४६४ मीटरवर दाखवले आहे. युरोपातील देशांत लहरी वाटून देणाऱ्या कोपनहेगन योजनेनुसार मार्च १९५० मध्ये युरोपातील केंद्रांच्या तरंगलांबी बदलल्या. त्याआधी हीच केंद्रे २६१ आणि ५१४ मीटरवर होती. एवढ्या दोन आकड्यांनी संचाची सुरुवातीची सीमा १९५० वर येऊन थांबते; त्याआधीचा तो असू शकत नाही.

शेवटची सीमा व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या रेडिओंतील निर्वात नळ्या, सांगतात. काचेचे, सात पिनांचे चार छोटे व्हॉल्व्ह आत आहेत: डीके९१, डीएफ९१, डीएएफ९१ आणि डीएल९२. पहिले तीन प्रत्येकी ५० मिलिअँपिअर आणि शेवटचा १०० मिलिअँपिअर असा मिळून २५० मिलिअँपिअरचा प्रवाह त्यांचे फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, घेतात. १९५३-५४ च्या सुमारास निम्म्या प्रवाहावर चालणारी ‘९६’ मालिका आली आणि बॅटरी बराच काळ टिकू लागल्यामुळे नव्या संचांत तीच वापरली जाऊ लागली. १९५६ मध्ये तर पॅम ७१० हा ब्रिटनचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. व्हॉल्व्ह बदललेले असू शकतात, हे खरे. परंतु येथे पेटीत चिकटवलेल्या कागदावरही ‘९१’ मालिकेचीच नावे छापलेली आहेत, म्हणून त्यांची साक्ष मी ग्राह्य धरली. १९५० ते १९५४ एवढा पट्टा त्यामुळे उरतो आणि त्याहून नेमके वर्ष विद्युतभार साठवणाऱ्या कंडेन्सरांवरील तारखेच्या शिक्क्यांतून निघू शकले असते; पण खान्देशच्या उन्हाळ्यांत कागदी कंडेन्सरांचे मेण वितळून चॅसिसवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) ओघळले आहे आणि त्याबरोबर छापील अक्षरेही गेली आहेत.

बॅटरीच्या कप्प्यात बी१२६ आणि एडी३५ असे क्रमांक आहेत. ते पाहून ‘हा एव्हर रेडीचाच’, म्हणजे त्या नावाच्या ब्रिटिश कंपनीचा, असे परिचितांनी लगेच ठरवले. हे क्रमांक एव्हर रेडीच्या बॅटऱ्यांचे आहेत हे बरोबर, पण त्याच बॅटऱ्या इतर कंपन्यांचे संचही वापरत, तेव्हा त्यावरून कर्ता ठरत नाही. चॅसिसची ठेवण आणि खटक्यांची जागा जुन्या सर्व्हिस पत्रकांशी पडताळल्याशिवाय मी नाव घेणार नाही.

संच चालू करून पाहायचा असेल तर बी१२६ च्या जागी नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ९० व्होल्ट मिळतात आणि एडी३५ च्या जागी दीड व्होल्टचा मोठा सेल पुरतो. ९० व्होल्टची तार चुकून फिलामेंटला लागली, तर चारही व्हॉल्व्ह क्षणात जातात. म्हणून आधी जोडणी मीटरने तपासावी. व्हॉल्व्ह पेटलेले दिसत नाहीत म्हणून ते मेले असेही समजू नये, कारण विजेवरच्या संचातल्यासारखे हे फिलामेंट लालबुंद होत नाहीत. ओममीटरने सलगता पाहणे हाच खात्रीचा मार्ग.