तो खून खरा होता का?

‘फोंड्याकडचा तो खून खरंच झाला होता ना?’ कादंबरी आल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. ग्रंथालयात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मंगेशीला देवळाच्या पायऱ्यांवर. मी ‘नाही’ म्हटलं की समोरचा समजूतदारपणे हसतो, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, ‘पण घराणं कुठलं?’

म्हणून एकदाच नीट सांगते. खून झाला नव्हता. १९१९ साली जत्रेला आलेली ती स्त्री नाटक मंडळी, देवळाच्या तळीत सापडलेली नायिका, तपास करणारा कचेरीतला दुभाषी, हे सगळं माझ्या मनचं. भोवतालचं मात्र खरं आहे. बायकांच्या नाटक मंडळ्या होत्या, त्यांत पुरुषांची कामंही बायकाच करत. मोगूबाई कुर्डीकर लहान वयात सातारकर स्त्री संगीत मंडळीत होत्या. खुनी बाई फासावर का जात नाही, म्हणून चिडणाऱ्यांनाही सांगते: पोर्तुगालने खुनासाठीची फाशी १८६७ साली रद्द केली आणि तीन वर्षांनी वसाहतींतही. शिवाय पेडण्याहून तेरेखोल नदी ओलांडली की पलीकडे सातार्डा, म्हणजे सावंतवाडी संस्थान. एका नदीपाशी अंमल बदलायचा. रहस्यकथा लिहिणारीने हे सोडून द्यायचं होतं का?

इथवर मी ठामपणे बोलते. पुढे माझा आवाज उतरतो, आणि तुम्हाला संशय येतो तो बहुधा तिथेच.

कादंबरीच्या तयारीसाठी मी एका आजींकडे जात असे. नव्वदीच्या घरातल्या. त्यांची आई तरुणपणी नाटकांत कामं करायची. पहिले दोनतीन दिवस त्या फक्त चहा पाजत आणि माझ्या सासरची चौकशी करत. मग एका दुपारी त्यांनी आपणहून माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली. आत जरीची विटलेली चोळी होती, एक लाकडी फणी होती आणि एक करवंटी. करवंटीच्या तळाशी पांढरा थर धरला होता. आई त्यात सफेदा खोबरेल तेलात घोटायची. गालांना हिंगूळ, पिवळेपणासाठी थोडं मुर्दाडशिंग. हे मला पुस्तकांतून ठाऊक होतं. पण आजी म्हणाल्या, रंगाला बसली की आईचं पहिलं बोट आधी डाव्या कानामागे जायचं. तिथे एक टिकली एवढा सफेदा लावायचा, दृष्ट लागू नये म्हणून, आणि मगच तोंडाला हात. हे सांगताना त्यांनी स्वतःचं बोट कानामागे नेलं आणि क्षणभर तिथेच ठेवलं.

मी ते बोट उचललं. माझ्या कादंबरीतली बाई म्हणते, त्या रात्री मी तापाने फणफणले होते, रंगाला बसलेच नाही. तोंड तिने घासून धुतलेलं असतं. दुभाषाला दिसतो तो डाव्या कानामागचा पांढरा ठिपका. तुम्ही भेटून ज्या जागेची तारीफ करता ती हीच.

पुस्तक त्यांना नातीने वाचून दाखवलं. मी पेढे घेऊन गेले तेव्हा आजी पडवीत बसल्या होत्या. पेढे हातात घेतले नाहीत. म्हणाल्या, ‘तुवें म्हजे आवयक खुनी केली?’

मी म्हटलं, आजी, ती तुमची आई नव्हे, ते पात्र आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आमच्या बायकांविषयी लोक आयुष्यभर काहीबाही बोलले, तेवढ्याची सवय होती. हे बोट कुणाला ठाऊक नव्हतं गो बाय, तुला दाखवलं. आणि त्या आत गेल्या. पेढ्यांचा पुडा नातीने परत माझ्या पिशवीत ठेवला.

‘सर्व पात्रे काल्पनिक’ हे मी पहिल्या पानावर छापलं होतं. तेव्हा वाटायचं, एवढं पुरे. नाव घेतलं नाही, गाव बदललं, काळ मागे नेला, आता कुणाचं काय देणं लागते? आजही मला हे अगदी चूक वाटत नाही. ऐकलेलं, पाहिलेलं वापरायचंच नाही म्हटलं तर त्या बायकांविषयी कुणी लिहायचंच नाही, आणि मग उरतील ती फक्त त्यांच्याविषयी इतरांनी केलेली कुजबूज. पण बोट एखाद्या प्रेमळ बाईला देता आलं असतं. मी ते खुनी बाईला दिलं, कारण धागा जुळत होता. तेव्हा दुसरा विचार मनात आला नाही, आणि हे मला सहन होत नाही.

आता दुसरी आवृत्ती निघतेय. ठिपका काढून दुसरा पुरावा घालून पाहिला, शर्टाची तुटलेली गुंडी, घुंगराचा दोरा. कशानेच ते प्रकरण उभं राहत नाही. प्रकाशकांना ठिपकाच हवाय. आजींना विचारावं म्हणून दोनदा फोन केला. नात म्हणाली, निजल्यात.

मुद्रितं टेबलावर आहेत. ते पान मी अजून तपासलेलं नाही.