मँचेस्टरचा जलमहाल: पाण्याच्या वाटेने बघा

मँचेस्टरचा जलमहाल म्हणजे हॅदरसेज रोडवरची व्हिक्टोरिया बाथ्स ही जुनी सार्वजनिक स्नानगृहांची आणि पोहण्याच्या तलावांची इमारत. तिथे पोचणं सोपं आहे. शहराच्या मध्यावरच्या पिकॅडिलीहून ऑक्सफर्ड रोडने दक्षिणेकडे जाणारी बस धरायची, हॅदरसेज रोडच्या फाट्याजवळ उतरायचं आणि थोडं चालायचं. सोबत पोहण्याचे कपडे घेऊ नका. 1993 साली हे तलाव बंद झाले आणि आता हौद एरवी कोरडे असतात. इमारत रोज उघडी नसते, साधारण उन्हाळी मोसमात ठरावीक दिवशीच पाहता येते. त्यामुळे तारीख बघूनच मँचेस्टरचा बेत आखा. बंद दारावरून परत फिरणारे पुष्कळ.

आत शिरण्याआधी रस्त्यावर जरा थांबा. दर्शनी भिंतीत तीन दारं आहेत आणि प्रत्येकावर दगडात कोरलंय: पुरुष पहिला वर्ग, पुरुष दुसरा वर्ग, स्त्रिया. 1906 साली बांधलेल्या या इमारतीची सगळी गोम या तीन पाट्यांत आहे. तेव्हा पाणी गाळून शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय नव्हती. हौद भरायचा, पोहणाऱ्यांनी पाणी गढूळ केलं की उपसायचा. ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या हौदात, तिथून दुसऱ्या वर्गाकडे आणि शेवटी बायकांच्या वाट्याला! म्हणून बघतानाही हाच क्रम धरा.

पहिल्या वर्गाचा तलाव, म्हणजे ‘गाला पूल’, 75 फूट लांब, 40 फूट रुंद. हिवाळ्यात त्यावर लाकडी तक्तपोशी टाकून नाचाचे कार्यक्रम व्हायचे. इथल्या जिन्याच्या हिरव्या फरशा बघा आणि मग बाकीच्या वर्गांकडचं साधेपण. पैसा कुठे ओतला ते लगेच कळतं.

बऱ्याच जणांचं लक्ष फक्त तलावांकडे जातं. खरं तर असल्या इमारती आधी अंग धुण्यासाठी होत्या. कामगारांच्या घरांत न्हाणीघरच नसायचं. 1846 च्या कायद्याने नगरपालिकांना स्नानगृहं आणि धुणीघरं बांधायची मुभा मिळाली, तिथून ही परंपरा वाढली. टबांच्या खोल्या चुकवू नका.

टर्किश बाथच्या, म्हणजे गरम हवेत घाम काढायच्या स्नानगृहाच्या, विश्रांतिकक्षात ‘एंजल ऑफ प्युरिटी’ ही रंगीत काचेची खिडकी आहे. ती दिवसाउजेडीच खुलते, म्हणून संध्याकाळवर टाकू नका. जवळच 1952 चा एरोटोन: पाण्यात हवेचे झोत सोडणारा खोल पोलादी टब, आजच्या जकुझीचा आजोबा म्हणा.

जाकीट अंगात असू द्या, मोठ्या दालनांत गारठा असतो. हाताशी दीड-दोन तास ठेवा.

पोहायचंच असेल तर ऑक्सफर्ड रोडनेच शहराकडे परता. बूथ स्ट्रीट ईस्टवर 2002 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेलं अ‍ॅक्वाटिक्स सेंटर आहे. तिथे 50 मीटरचे दोन तलाव आहेत, आणि दार एकच.