तुम्ही विचारलंत म्हणून: मी स्टेशनात का जात नाही

"गावचं जुनं रेल्वे स्टेशन तुम्हीच वाचवलंत, तिथं पोरांसाठी अभ्यासिका केलीत, मग तिकडं फिरकत का नाही?" दर लग्नात कुणीतरी विचारतंच. गुडघे दुखतात म्हणून सांगतो. गुडघे धड आहेत.

बार्शी लाइटचं, आपल्या त्या जुन्या छोट्या रेल्वेचं, कौतुक तुम्हाला सांगायला नको. भिंतीवरचा फलक मीच लिहिलाय: अडीच फुटी रूळ, ती बांधणारे काल्थ्रॉप साहेब, १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी, १९११ ला लातूर, २००८ ला कुर्डुवाडीपर्यंत ब्रॉडगेज. त्याखालची ओळ थेट अभ्यासिकेची. मधली वर्षं मी गाळली.

त्या वर्षांत स्टेशन ओस पडलं होतं, असं आपण सगळेच म्हणतो. खोटं आहे. तिथं घिसाड्याचं बिऱ्हाड होतं. तिकिटाच्या खोलीत ऐरण, बाहेर चूल. गावची खुरपी-विळे त्याच खिडकीतून आत जायचे आणि धार लागून बाहेर यायचे. माझंही खुरपं त्यातच.

उद्‌घाटन १७ सप्टेंबरला ठरलं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदनाला पाहुणे गावात येणारच होते. चार दिवस आधी मी दोन पोरं घेऊन गेलो. पाऊस लागून राहिला होता. म्हातारा भाता फिरवत होता, उठला नाही. बाई म्हणाली, "मालक, आठ दिस थांबा की. लोकांची खुरपी द्यायची हायती." मी म्हणालो, पत्रिका छापून झाल्यात. तिनं पुन्हा विचारलं नाही. तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं, चर्रर्र झालं, आणि भांडी गोळा करायला लागली. ऐरण तिघांनाही उचलेना. चौथा हात मी लावला. मदत म्हणून लावला, असं तेव्हा वाटलं होतं. जाताना तिनं खुरप्यांची मोळी माझ्या हातात दिली. प्रत्येकाच्या मुठीला वेगळ्या रंगाची चिंधी. लाल कुणाची, हिरवी कुणाची, ते तिलाच ठाऊक. ती खुरपी ओळखून घ्यायला पुढं महिनाभर लोक माझ्या ओट्यावर येत होते.

आता म्हणाल, पोरांना जागा नको होती का? होती. एका खोलीच्या घरात, टीव्हीसमोर कुणाचा अभ्यास होतो? भरतीची तयारी करणाऱ्या पोरी आज रात्री दहापर्यंत तिथं बसतात, याचा मला अभिमान आहे. आणि बिऱ्हाड काय, फिरस्तं, आज ना उद्या हललंच असतं. हे मी त्या वर्षी शंभरदा म्हणालो. पण हलायचं त्यांनी ठरवायचं होतं ना? पत्रिकेवरची तारीख तर मीच घातली होती.

फलकावर एक ओळ वाढवावी म्हणून दोनदा रंगाचा डबा आणला. काय लिहू? नाव मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

तिकिटाच्या खोलीत फरशीला ऐरणीच्या ठोकळ्याचा खड्डा आहे. टेबलाचा एक पाय नेमका त्यातच येतो. डुगडुगतं म्हणून पोरं खाली वर्तमानपत्राची घडी घालतात.