नाकापेक्षा मोती जड

जुन्या लेथचा, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या मशीनचा, चक (तो तुकडा पकडणारा पंजा) गेला की माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "सहा इंची ट्रू चक दाखवा." दुकानदार दाखवतोही. लाकडी खोक्यातला, ग्रीस फासलेला, जॉच्या, म्हणजे पकडीच्या दातांच्या, दोन जोड्या असलेला, तिन्ही जॉ एकदम सरकणारा देखणा चक. तो शेडमध्ये आणून उलटा केला की कळतं, मागे नुसता गोल खाचा आहे आणि बोल्टांची तीन भोकं. आटे कुठायत? नाहीतच. चक लेथवर बसत नाही. तो बसतो बॅक प्लेट नावाच्या चकतीवर, आणि बॅक प्लेट बसते स्पिंडलच्या, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्याच्या, नाकावर. दुकानात मिळतो तो चक. मधलं सगळं आपलं आपण जमवायचं.

त्याआधी, चक खरंच गेलाय का, ते पाहिलेलं बरं. पुष्कळदा गेलेले असतात ते फक्त जॉ. वर्षानुवर्षं तोंडाशी लहान लहान तुकडे पकडल्याने जॉ पुढून झिजतात, मागे धरतात आणि पुढे मोकळे राहतात. एक सरळ ग्राइंड केलेला रॉड घट्ट पकडावा आणि जॉच्या तोंडाशी कागदाची पट्टी सरकवून बघावी. पट्टी आत गेली तर जॉ घासून घेतले की काम भागतं. फिरवताना मात्र एका ठरावीक व्यासाला चावी सैल आणि बाकी ठिकाणी कडक लागत असेल, तर आतला स्क्रोल, म्हणजे जॉ सरकवणारी चक्राकार आट्यांची तबकडी, तेवढ्याच भागात झिजलाय. स्क्रोलला इलाज नाही.

स्पिंडलचं नाक बघायचं तर आधी जुना चक उतरवायला हवा, आणि इथेच पहिलं नुकसान होतं. वीस वर्षं न हललेला चक सहज सुटत नाही. मग कुणीतरी स्पीड कमी करणारा बॅक गिअर टाकतो, पुलीला स्पिंडलशी थेट जोडणारी डायरेक्ट पिनही तशीच ठेवतो म्हणजे स्पिंडल जाम होतो, आणि चकला पहारीने हिसका देतो. बॅक गिअरचे दात बिडाचे. चक राहतो जागेवर, दात पडतात तेलाच्या ट्रेमध्ये. त्यापेक्षा आदल्या रात्री आट्यांत पातळ तेल सोडावं, एका जॉखाली मशीनच्या बेडवर (लांब पायावर) लाकडी ठोकळा टेकवावा, मशीन सगळ्यांत कमी स्पीडच्या गिअरला घालून मोटर बंद ठेवावी आणि हाताने पट्टा उलटा ओढावा. ठोकळ्यावर एक दणका बसला की बहुतेक वेळा सुटतो. बेडवर फळी आधीच टाकलेली असावी, म्हणजे सुटलेला चक बोटांवर नाही, फळीवर येतो.

आता नाक उघडं पडलं. मोजमापं चार: आट्यांचा बाहेरचा व्यास, पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर), आट्यांमागच्या गुळगुळीत भागाचा, म्हणजे रजिस्टरचा व्यास, आणि नाकाची खांद्यापासून टोकापर्यंतची लांबी. रजिस्टर मायक्रोमीटरनेच मोजायचं. व्हर्नियर इथे कामाचा नाही. आट्यांचं काम फक्त ओढून धरण्याचं. चक मध्यावर राहतो तो रजिस्टरमुळे आणि सरळ राहतो तो मागच्या खांद्यामुळे. त्यामुळे आटे जरा सैल असले तर बिघडत नाही, पण रजिस्टर सैल असलं की रडगाणं सुरू.

पिचमध्ये फसगत ठरलेली. जुन्या साउथ बेंडच्या नऊ इंची लेथचं नाक दीड इंच व्यासाचं, इंचाला आठ आटे. बाजारात दीड इंची बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मागितला तर मिळतो इंचाला सहा आट्यांचा, कारण स्टँडर्डच तसं आहे. मायफर्ड एमएल-७ चं नाक एक इंच एक सूत, बारा आटे. याच मापाचा यूएनएफ (अमेरिकन पद्धतीच्या बारीक आट्यांचा) टॅप सापडतो आणि माणूस खूश होतो. पण त्याचा कोन ६० अंशांचा, नाकावरचे आटे व्हिटवर्थचे, ५५ अंशांचे. चढतो, पण बसत नाही. आपल्याकडच्या जुन्या पट्ट्यावरच्या लेथांबद्दल तर कॅटलॉगवर विसंबूच नये. पिच गेज लावावा, आणि तो आट्यात टेकवून उजेडासमोर धरावा. दातांच्या फटीतून उजेड दिसला तर गेज चुकीचा.

नाकाला आटेच नसून गोल तोंडात तीन किंवा सहा भोकं आणि बाजूला चौकोनी चावीचे कॅम असतील, तर ते कॅमलॉक. त्याची मापं ठरलेली असतात, तयार प्लेट मिळते, निम्मा लेख तिथेच संपतो. एवढंच बघायचं, की आवळल्यावर कॅमवरची खूण घड्याळातल्या तीन आणि सहाच्या मध्ये थांबली पाहिजे. नाही थांबली तर चकमागचा तो स्टड एक फेरा आत-बाहेर करायचा.

आता मापाचा प्रश्न. बारा इंची स्विंगच्या, म्हणजे बारा इंच व्यासापर्यंतचा तुकडा फिरवू शकणाऱ्या, लेथला १६० मिलिमीटरचा तीन जॉचा चक आणि २०० चा चार जॉचा डॉग चक (चारही जॉ वेगवेगळे सरकणारा), हा जोड शोभतो. तरी स्वस्तात मिळाला म्हणून अडीचशेचा घेणारे भेटतातच. तो वीस किलोंच्या पुढचा. जॉ बाहेर काढले की टूल धरणाऱ्या कॅरेजला आपटतात, सुरू होताना पट्टा सरकतो आणि पुढचं बेअरिंग रात्रंदिवस तो भार सोसतं. नाकापेक्षा मोती जड ही म्हण लेथवाल्यानेच काढली असावी, अशी शंका येते.

जुना चक घ्यायचा तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट आहे, कोल्हापुरात उद्यमनगर आहे, पुण्याचा जुना बाजार आहे. जॉवरचे १, २, ३ हे आकडे आणि चकचा नंबर जुळतोय का, तेवढं आधी पाहावं. एका चकचे जॉ दुसऱ्याच्या स्क्रोलला लागत नाहीत. "बाहेरचे जॉ नंतर देतो" हे वाक्य ऐकलं की चक खाली ठेवावा.

प्लेटकडे येऊ. जुनी प्लेट भंगारात देऊ नये, कधीच. नाकाला बसणारे आटे तिच्याकडे आयते आहेत. तिच्या पुढच्या उंचवट्याचा व्यास नव्या चकच्या खाच्यापेक्षा मोठा असेल, तर तेवढा खरडायचा आणि बोल्टांची नवी भोकं जुन्यांच्या मध्ये पाडायची. संध्याकाळपर्यंत काम फत्ते.

नवी करायची तर बिडाचं कास्टिंग घ्यावं. पहिला कट निदान दीड-दोन मिलिमीटरचा हवा. घाबरत घाबरत पाव मिलिमीटर घेतला, तर टूल वरच्या कडक, वाळूमिश्रित कातडीतच घासत राहतं आणि धार जाते. १६० व्यासाला हायस्पीड स्टीलचं टूल असेल तर ४० आरपीएम पुरे. कूलंट नको; बेडवर कापड टाकावं, कारण बिडाची भुकटी तेलात मिसळली की घासायची पेस्टच होते.

दीड इंच, आठ आट्यांसाठी बोअर, म्हणजे आतलं भोक, ३४.७ मिलिमीटर. लीडस्क्रू (आटे कापताना टूल ओढणारा लांब स्क्रू) इंचाला चार आट्यांचा असेल तर त्याला कॅरेज जोडणारा हाफ नट कुठेही टाकला तरी चालतो. अडचण वेगळीच आहे. आटे नाकाला बसतात का, हे तपासायचं कसं? नाकावर तर चक चढलेला, आणि त्या चकात प्लेट. म्हणून आधी एका रॉडवर नाकाची हुबेहूब नक्कल कापायची, आटे आणि रजिस्टरसकट. ती बरोबर उतरली की नाही, ते जुनी प्लेट तिच्यावर चढवून कळतं. मग ही नक्कल नव्या प्लेटमध्ये घालत घालत आटे पुरे करायचे. रजिस्टरला एक-दोन शतांश मिलिमीटरची मोकळीक, जास्त नाही. या कामाला झिजलेला जुना चकसुद्धा चालतो, कारण बोअर, आटे, रजिस्टर आणि मागचं तोंड, सगळं एकाच पकडीत होतं.

मग चक उतरवायचा, नाक पुसायचं आणि प्लेट थेट नाकावर चढवायची. पुढचं तोंड आणि उंचवटा आता इथेच कापायचा. प्लेट ज्या स्पिंडलवर आयुष्यभर फिरणार, त्याच स्पिंडलवर ती घडते, म्हणून आट्यांत राहिलेली छोटी-मोठी चूक या शेवटच्या कटात बरीचशी निघून जाते. शेजारच्या लेथची प्लेट उसनी आणली की ती का डुलते, याचं उत्तरही हेच.

उंचवट्याचा व्यास चकचा खाचा मोजूनच ठरवावा. १६० च्या एका चकचा खाचा १२५ चा असतो, दुसऱ्या कंपनीचा १३०. उंची खाच्याच्या खोलीपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी. चक कडेच्या तोंडावर टेकला पाहिजे, उंचवट्याच्या टोकावर नाही. काही जण उंचवटा मुद्दाम पाव मिलिमीटर सैल ठेवतात आणि डायल (काट्याने डुलणं मोजणारं मापक) लावून, चक हलके ठोकून मध्यावर आणतात. हौशी मशीनवर ही युक्ती गोड आहे. पोटापाण्याच्या मशीनवर, जिथे चौकोनी तुकडे दणके देत फिरतात, तिथे चक महिन्याभरात पुन्हा सरकतो. तिथे घट्ट बसवावा आणि नव्या तीन जॉच्या चकला पाच-सात शतांश मिलिमीटरचा आऊट (डुलणं) असायचाच, हे मान्य करावं. त्याहून बारीक हवं तर डॉग चक आहेच.

सगळं नीट करूनही डायल एका दशांशाने हलतो तेव्हा बहुतेक वेळा दोषी निघतो तो एक कीस. खांद्याचा व्यास ६० मिलिमीटर धरा. तिथे एका बाजूला दोन शतांश मिलिमीटरचा कण अडकला, तर दीडशे मिलिमीटर पुढे रॉड पाच शतांश बाजूला जातो आणि डायल त्याच्या दुप्पट दाखवतो. दात घासायचा जुना ब्रश नाकाजवळ खिळ्याला टांगून ठेवावा.

आणि आट्यांवरचा चक उलटा फिरवू नये. हल्ली जुन्या लेथला व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावतात. त्यात थांबण्याचा वेळ काही सेकंदांचा ठेवावा. मोटर झटक्यात थांबली की वजनदार चक आपल्याच जोरावर फिरत राहतो, सुटत सुटत.

जुन्या चकची सोयही लावता येते. ड्रिल मशीनच्या टेबलावर तो उताणा बोल्ट करावा. गोल तुकड्याच्या मध्यावर भोक पाडायला त्याच्यासारखी पकड व्हाइसला जमत नाही, आणि तिथे जॉ पुढून झिजले असले तरी कुणी तक्रार करत नाही.