तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीचं कागदावरचं नाव कायले बदललं?

परवा नागपुरात बर्डीवर तर्री पोहे खाताना पुन्हा एकानं विचारलंच, "ब्रँड बदलला, वेबसाइट बदलली, झालं ना बे, मग कागदावरचं नाव बदलायचा कुटाणा कायले केला?"

तर आमचं सुरू झालं संत्र्यांपासून. कळमन्याच्या फळबाजारातून माल उचलायचा आणि घरोघरी पोचवायचा, म्हणून कंपनीच्या नावातच 'ऑरेंज'. पण मृग बहाराचा माल मार्चपर्यंत आटोपला की आंबिया बहाराचा माल येईपर्यंत सहाएक महिने नुसत्या माश्या मारायच्या, पगार मात्र दर महिन्याला. त्या रिकाम्या दिवसांत स्वतःच्या स्टॉकसाठी एक सॉफ्टवेअर केलं, ते एका कोल्ड स्टोरेजवाल्याला आवडलं, मग दुसऱ्याला, आणि हळूहळू संत्री सुटली ती सुटलीच.

नावाचं तेव्हाही मनावर घेतलं नव्हतं. ब्रँड एक आणि कंपनीचं नाव दुसरं, अशा कितीतरी कंपन्या मस्त चालतात. घोडं अडलं बिलावर, कारण तिथं कायदेशीर नावच टाकावं लागतं. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधून फोन, "दादा, आम्ही संत्री कधी मागवली?" वर्षभराच्या सॉफ्टवेअरचं बिल दीड महिना लटकलं. तेव्हा म्हटलं, बस झालं.

कंपनीचं काम तसं सरळ आहे. नवं नाव कंपनी रजिस्ट्रारकडं राखून ठेवायचं, फी 1000 रुपये, आणि मिळालं की पुढच्या कामाला 60 दिवस हातात (आम्ही आधी मागितलेलं नाव कुणाच्या तरी नावासारखं निघालं, गेलं). मग विशेष ठराव, म्हणजे तीन चतुर्थांश मतं लागतात, आम्ही शेअरहोल्डर तिघंच, त्यातले एक पार्टनरचे काका, त्यांनी एवढंच विचारलं की संत्री आता मिळणारच नाहीत का. ठराव 30 दिवसांत एमजीटी-14 या फॉर्ममध्ये रजिस्ट्रारकडं, नंतर नावबदलाचा फॉर्म आयएनसी-24, आणि नवं सर्टिफिकेट येईपर्यंत नाव बदललं असं समजायचं नाही. मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ कागदात, उद्देश फळविक्रीचा होता, तोही बदलून घेतला, हे बरेच जण विसरतात.

मी माती खाल्ली ती पुढं. सर्टिफिकेट आल्याबरोबर उड्या मारत जीएसटीत नाव बदलायला गेलो, अर्ज पुढं सरकेचना. तिथलं नाव पॅनवरून उचलतात ना बाप्पा! म्हणजे आधी पॅन, मग जीएसटी. नंबर तेच राहतात, नुसतं नाव बदलतं, पण क्रम चुकला की बसा. बँकेनं नवं पॅन, ठराव, सर्टिफिकेट सगळं मागितलं आणि तेवढ्या दिवसांत एक पेमेंट नाव जुळत नाही म्हणून परत गेलं.

म्हणून मला विचाराल तर बिल अडत नसेल तोवर नुसता ब्रँड बदला आणि गप बसा.

आणि हो, दोन वर्षं बोर्डावर, लेटरहेडवर नव्या नावासोबत जुनंही लिहावं लागतं. त्यामुळं आमच्या दारावर 'ऑरेंज' अजून आहे, आणि काका येता जाता ते वाचून माझ्याकडं बघतात.